यानं चांद दावला, का आभाय झाकलं?

मागच्या कार्तिकातली अष्टमी होती, दुपारचे साडेचार वाजले असतील. अंगणात एका कोपऱ्यात सोयाबीनचं कुटार अजून पडलेलं, त्याचा तो कोरडा, नाकात जाणारा वास, आणि मधोमध माझी सहा इंची आरशाची डॉब्सन दुर्बीण उभी. चिंचेच्या शेंड्यावर अर्धा चंद्र आलेला. दिवसाचा चंद्र कसा असतो, फिकट, धुतल्यावरही धोतरावर राहिलेल्या डागासारखा, तसाच. मी आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, नवा पोलरायझिंग फिल्टर, प्रकाश गाळणारी एक काच, लावला होता आणि घरातल्या एकेकाला हाक मारून दाखवत होतो. मोठे बाबा आले. वय अठ्ठ्याहत्तर, एक हात गुडघ्यावर टेकून वाकले आणि डोळा लावला. मी म्हणलं, मोठे बाबा, आता पाहा, आणि आयपीस हळूहळू फिरवत गेलो. त्यांना काय दिसत असेल ते मला पाठ होतं. चंद्रामागचं आभाळ गडद होत जातं, पाण्यात शाईचा थेंब पसरावा तसं, आणि मघाचा तो फिकट डाग एकदम पांढराशुभ्र होऊन वर येतो, त्याच्यावरचे खड्डे, कडा, सगळं निवळतं. इथं सगळेच 'अरे वा' म्हणतात, मी त्याचीच वाट पाहत होतो. मोठे बाबा बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग डोळा काढला, एकदा वर आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "बापू, यानं चांद दावला, का आभाय झाकलं?"

एवढंच बोलले आणि ओसरीवर जाऊन बसले.

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. म्हणजे उत्तर होतं, चांगलं वहीभर होतं, पण त्यांनी ते ज्या आवाजात विचारलं त्याला ते उत्तर लागू नव्हतं असं मला वाटत राहिलं. रात्री अंथरुणावर पडलो तरी तेच. कारण खरं सांगायचं तर त्यांनी एका वाक्यात त्या काचेचं सगळं काम सांगून टाकलं होतं. फिल्टर चंद्राला काहीच देत नाही. उलट चंद्राचाही अर्धा प्रकाश खातो. फक्त आभाळाचा जास्त खातो, म्हणून चंद्र उजळल्यासारखा वाटतो. आठवीतल्या पुतण्याला मी हे डवऱ्यावरून समजावलं होतं. तासाच्या दिशेनं डवरा सरळ जातो, आडवा घातला तर जात नाही, तसं प्रकाशाच्या थरथरीला दिशा असते आणि ही काच एकाच दिशेची थरथर जाऊ देते, आडवी अडवते. सूर्याचा प्रकाश येताना सगळ्या दिशांनी थरथरत येतो, पण हवेच्या कणांवर आपटून बाजूला फेकला गेला की त्यातली बरीचशी थरथर एकाच दिशेची होऊन बसते. आभाळाचा निळा प्रकाश हा असा बाजूला फेकलेलाच प्रकाश आहे. म्हणून काच फिरवली की निळं मरतं. चंद्राचा प्रकाश मात्र बहुतेक मिसळलेलाच असतो, त्याला काच कुठंही फिरवा, फारसा फरक पडत नाही.

आणि हे सगळं चंद्र सूर्यापासून काटकोनात असला की सगळ्यात जास्त होतं, म्हणजे नव्वद अंशावर. ही गोष्ट मला कुठल्या वेबसाइटवर नाही, भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभा असताना नीट कळली. तिथी म्हणजे काय, तर चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढं सरकला की एक तिथी. सात तिथ्या संपल्या की चौऱ्याऐंशी अंश होतात, आठवी संपली की शहाण्णव. म्हणजे नव्वद अंश बरोबर अष्टमीच्या पोटात! मोठी आई दर महिन्याला दुर्गाष्टमीचा उपास कधी आहे ते पाहायला कॅलेंडरसमोर उभी राहते, आणि आता मीही त्याच चौकटीत बोट ठेवून उभा राहतो, फिल्टर डबीतून कधी बाहेर काढायचा ते पाहायला. शुद्ध अष्टमीला दुपारनंतर पूर्वेकडून वर चढलेला चंद्र, वद्य अष्टमीला सकाळी पश्चिमेला कललेला. पौर्णिमेला या एका काचेचा काही उपयोग नाही, कारण सूर्याच्या बरोबर समोर आभाळात ही एका दिशेची थरथर उरतच नाही. आणि मे महिन्यात तर अष्टमीलाही नाही. तेव्हा आमच्याकडचं आभाळ निळं नसतंच, धुळीनं भुरकं झालेलं असतं, प्रकाश त्या धुळीत दहा ठिकाणी आपटून पुन्हा मिसळून जातो आणि काच कितीही फिरवा, आभाळ ढिम्म हलत नाही. पावसाळा सरल्यावर, दसऱ्यापासून साधारण संक्रांतीपर्यंत, तेव्हाच या काचेचे दिवस.

मला हा दुपारचा चंद्र एवढा का लागतो तेही सांगतो. दुर्बीण घेतली तेव्हा मला वाटलं होतं की गावी अंधार आहे, आभाळ स्वच्छ आहे, घरचे रोज रात्री पाहतील. मी वाशीमला नोकरीला, शनिवार-रविवार रिसोडच्या पुढं गावी येतो, तर दुर्बीण गावीच ठेवली. पहिल्या हिवाळ्यातच कळलं की गावात अंधार आहे पण रात्र कोणाचीच मोकळी नाही. शेतातली थ्री फेजची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा असला की भाऊ दहा वाजता बॅटरी घेऊन हरभऱ्याला ओलित करायला जातो आणि पहाटे चिखलानं भरलेले पाय घेऊन येतो. दिवसाच्या आठवड्यात रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी जागल असते. बायका दिवसभर निंदून, वेचून, रांधून आठ वाजता अक्षरशः आडव्या होतात, त्यांना नऊ वाजता थंडीत गच्चीवर बोलावून शनीची कडी पाहा म्हणणं हे मला दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर जमेना. वहिनी एकदा आली, शालीत गुंडाळलेली, डोळा लावला आणि तशीच उभ्या उभ्या पेंगली. तिला तसं पाहून मला फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी दिवसा काय दिसतं ते शोधायला लागलो. दुपारी चार ते सहा, चहाच्या वेळेला, अंगणातच, चपला न घालता पाहता येईल असं. त्यात हा अर्धा चंद्र सापडला आणि त्याच्यासाठी ही काच.

कोजागिरीसाठी माझ्याकडे दुसरा फिल्टर आहे, दोन पोलरायझर एकावर एक बसवलेला, फिरवून प्रकाश चाळीस टक्क्यांपासून एक टक्क्यापर्यंत कमी करता येतो. सहा इंची आरशातून पुनवेचा चंद्र नुसता पाहिला की डोळ्यासमोर मिनिटभर काळोख येतो, दुधाचा ग्लास कुठं ठेवला तेही दिसत नाही. त्याला हा बरा. गल्लीतली सगळी पोरं त्या रात्री रांगेत असतात, प्रत्येकाला आपल्या डोळ्याला सोसेल तेवढा चंद्र करून घेता येतो, आणि पोरांना चंद्रापेक्षा ते फिरवणंच जास्त आवडतं.

याच दोन काचांच्या फिल्टरनं मला आयुष्यातला सगळ्यात मोठा धसका दिला. दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. पुतण्याला मी सकाळीच गंमत दाखवली होती, हिशेबाच्या जुन्या कॅल्क्युलेटरच्या काचेसमोर फिल्टर फिरवला की सगळी काच काळी पडून आकडे गायब होतात, आणि दोन काचा एकमेकींवर आडव्या केल्या की बल्बही दिसेनासा होतो. मी घरात पाणी प्यायला गेलो. परत उंबऱ्यावर आलो तर अंगणात दुर्बिणीच्या नळीची सावली वेगळी दिसली. नळी तिरकी असली की सावली लांब पडते. ती लांब नव्हती. ती गोल झाली होती. म्हणजे नळी सरळ सूर्यावर होती, आणि पोरगं वाकत होतं. मी काय ओरडलो ते आठवत नाही, धावलो आणि आयपीसवर तळवा ठेवला. एका क्षणात चटका बसला, विडीचं जळतं थोटूक दाबावं तसा, तळव्यावर तो डाग पुढं कितीतरी दिवस होता. पोरगं घाबरून रडायला लागलं. "काका, मी दोन्ही काचा आडव्या केल्या होत्या, पुरं काळं केलं होतं, पाहून घेतलं होतं." आणि त्याचं बरोबरच होतं ना, त्यानं डोक्यानं विचार केला होता. मी सांगितलेलं अर्धंच होतं. या काचा आपल्याला दिसणारा प्रकाश अडवतात, पण इन्फ्रारेड, म्हणजे न दिसणारी उष्णता, आडव्या केल्या तरी त्यातून आरपार जाते. काळं दिसतं म्हणून डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि मागचा पडदा जळत असताना दुखतसुद्धा नाही, कारण तिथं दुखणंच नसतं. शिवाय एवढ्या तापानं काच ऐन डोळ्यासमोर तडकू शकते. हे मी इथं मुद्दाम लिहितो, कुणी वाचून करून पाहील म्हणून. पोलरायझिंग फिल्टर, एक असो की दोन, सूर्यासाठी कधीच नाही. सूर्यासाठी नळीच्या तोंडावर, पुढच्या बाजूनं, पूर्ण झाकून बसणारा खास सूर्याचा फिल्टर लागतो. त्या दिवसापासून सूर्य वर असताना मी दुर्बिणीपासून हलत नाही, आणि अंगणात घराची सावली जिथं पडते तिथंच, सूर्य भिंतीमागं ठेवून दुर्बीण मांडतो.

मोठ्या बाबांच्या प्रश्नानं मला अजून एक जुनी गोष्ट उकरून दिली. मी तिसरी-चौथीत असेन, मळ्यातल्या विहिरीचं काम चालू होतं. सुरुंग लावायचे, सगळे लांब बांधावर जायचे, धडाका झाला की काळा पत्थर फुटून वर यायचा, आणि त्या पत्थराच्या पोकळीत कधीकधी गारा निघायच्या, पांढऱ्या, हिरवट, काट्यांसारख्या. मोठे बाबा खाली उतरायचे आणि वर येताना धोतराच्या सोग्यात माझ्यासाठी एखादी आणायचे. एकदा त्यांनी एक वेगळीच आणली, काचेसारखी साफ, तिरप्या चौकोनी वडीसारखी. ती मी घरी कॅलेंडरवर ठेवली तर खालचा आकडा दोन झाला. एकाचे दोन! दगड फिरवला तर एक आकडा जागच्या जागी आणि दुसरा त्याच्याभोवती फिरायचा. आजीला दाखवलं तर ती म्हणाली देवाजवळ ठेव. पुढं घर पाडून नवं बांधलं त्यात तो दगड गेला, कुठं गेला कोणालाच माहीत नाही, आणि खूप वर्षांनी मला कळलं की तो कॅल्साइट होता, ज्याला आइसलँड स्पार म्हणतात. आइसलँडही आपल्या दख्खनसारखंच काळ्या पत्थराचं. तिथून आलेल्या असल्याच दगडातून एकाचे दोन दिसतात हे बार्टोलिन नावाच्या डॅनिश माणसानं १६६९ मध्ये लिहिलं. आणि १८०८ मध्ये पॅरिसमध्ये मालूस नावाचा शास्त्रज्ञ आपल्या घरातून असाच एक स्फटिक डोळ्याला लावून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य पाहत होता, स्फटिक फिरवला तर दोन सूर्यांमधला एक मंद होत गेला, मग दुसरा. या एका दिशेच्या थरथरीला पोलरायझेशन हा शब्दच त्यानं दिला. काच किती फिरवली की किती प्रकाश जातो याचा नियम आजही त्याच्याच नावानं आहे, पंचेचाळीस अंशाला निम्मा, साठला पाव, नव्वदला शून्य. मला नेहमी वाटतं, तो दगड आज असता तर मी आधी माझा फिल्टर त्याच्यावर ठेवून फिरवला असता, आणि दोन आकड्यांमधला एक जाताना आणि दुसरा येताना मोठ्या बाबांना दाखवला असता. त्यांनीच तर आणला होता.

आभाळ झाकण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मात्र सी. व्ही. रामन यांचं आहे. १९१० च्या सुमारास ते नागपुरात होते, सरकारी हिशेब खात्यात नोकरीला, हे आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही, गांधीसागराजवळच्या रामन विज्ञान केंद्रात शाळेची सहल गेली होती तेव्हा मला ते नावही नुसतं नावच वाटलं होतं. १९२१ मध्ये ते विलायतेहून नरकुंडा बोटीनं परत येत होते. तेव्हा असं मानलं जायचं की समुद्राचा निळा रंग म्हणजे पाण्यात पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब. रामन यांच्या खिशात एक निकोल प्रिझम होता, तोही आइसलँड स्पारचाच केलेला असतो. पाण्यावरून साधारण त्रेपन्न अंशात परतणारा प्रकाश पुरता एका दिशेचा होतो, म्हणून त्या कोनात प्रिझम फिरवला की पाण्यातलं आभाळाचं प्रतिबिंब पुसलं जातं. त्यांनी बोटीच्या कठड्यावर उभं राहून तेच केलं. प्रतिबिंब गेलं तर समुद्र फिका पडायला हवा होता. तो आणखी निळा झाला. निळेपण पाण्याचं स्वतःचं होतं. म्हणजे रामन यांनीही आभाळ झाकलंच की, आणि समुद्र दाखवला. हे मला आठवलं तेव्हा इतका आनंद झाला की आता मोठ्या बाबांना उत्तर सापडलं असं वाटलं, पुढच्या शनिवारी त्यांना सांगायचं म्हणून बसमध्ये मनात वाक्यं जुळवत गेलो. पण ओसरीवर त्यांच्याजवळ बसलो आणि ते ताटात तुरीच्या शेंगा सोलत होते, मला सांगावंसं वाटलं नाही. शेंगा सोलू लागलो.

त्याच हिवाळ्यात मी त्या काचेतून जे जे पाहता येईल ते पाहिलं, जवळजवळ हट्टानं. शुक्र पाहिला. त्याचा झगमगाट जरा बसतो आणि कोर साफ दिसते, बाकी त्याचे ढग पांढरेच्या पांढरे. पण याच पांढऱ्या ढगांवरून येणाऱ्या प्रकाशाची थरथर फ्रान्समध्ये बर्नार लिओ यांनी १९२० च्या दशकात मोजून ठेवली होती, आणि १९७४ मध्ये हॅन्सन आणि होवेनियर या दोघांनी अशाच मोजमापांवरून हिशेब मांडला की शुक्राचे ढग गंधकाच्या आम्लाचे आहेत आणि त्यांचा थेंब एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, त्रिज्येचा आहे. भावाला हे सांगितलं. तो फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करत होता, थेंब बारीक पडतोय का जाड यावर त्याचं सगळं चित्त. तो थांबला आणि म्हणाला, इथून? इथून थेंब मोजला? मी म्हणलं, इथून. त्यानं नोझल उन्हात धरून भोकातून आभाळाकडे पाहिलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

एका रात्रीच्या लाइनच्या आठवड्यात मी भावासोबत मळ्यात गेलो, दुर्बीण बैलगाडीत गोधडीवर आडवी ठेवून. मोटारीचा घुमघुम आवाज, पाटातल्या पाण्याचा वास, भावाची बॅटरी लांब वाफ्यातून इकडून तिकडं. वृषभाच्या शिंगाच्या टोकाजवळ क्रॅब नेब्युला आहे, १०५४ मध्ये चिनी लोकांनी जो तारा फुटताना पाहिला त्याचा धुरळा. त्याचा प्रकाश चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉन्सचा आहे, म्हणून तो पोलराइज्ड, आणि मोठ्या दुर्बिणीतून फिल्टर फिरवला तर त्याची उजळ जागा बदलते. माझ्या सहा इंचात तो आधीच श्वास सोडल्यावर काचेवर येणाऱ्या वाफेएवढा. फिल्टर लावला आणि तोही गेला. अर्धा प्रकाश गेला म्हणजे सगळाच गेला, त्याच्याकडे देण्यासारखं उरलंच नव्हतं. मी फिल्टर काढला, तो परत आला, पुसट, पण आला. मग लावला नाही. अंधारातल्या पुसट वस्तूंसाठी ही काच नाही, जिथं प्रकाश उतू जातोय तिथंच ती लावावी, एवढं त्या रात्री हाडापर्यंत गेलेल्या थंडीत पक्कं शिकलो.

चंद्राचं मात्र मन भरत नाही. लोणार आमच्याकडून गाडीनं जवळच, लहानपणापासून पाहिलेलं, काळ्या पत्थरात उल्का पडून झालेलं पावणेदोन-एक किलोमीटर रुंदीचं ते गोल विवर, आणि दुर्बिणीत चंद्रावर तसलीच शेकडो. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांना सागर म्हणतात, तेही आपल्यासारखाच काळा पत्थर, बेसॉल्टच, १९६९ ला अपोलो ११ नं आणलेल्या दगडांत तोच निघाला. आणि यात एक नाजूक गोष्ट आहे. उमॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १९०५ मध्ये दाखवलं की जमीन जितकी काळी तितका तिच्यावरून परतलेला प्रकाश जास्त एका दिशेचा. उजळ जमिनीत प्रकाश कणाकणांत पुन्हा पुन्हा आपटून मिसळतो, काळी जमीन दुसऱ्यांदा आपटू देत नाही, गिळते. आमच्या बरड रानात आणि काळीत जसा फरक, तसाच. म्हणून अष्टमीला काच फिरवून आभाळ गडद होतं ना, त्याच घडीला चंद्रावरची काळी मैदानंही थोडी अजून काळी होतात आणि डोंगराळ भाग तसाच राहतो. फार थोडी. मी कितीतरी वेळा पाहिलं, कधी स्पष्ट वाटतं, कधी वाटतं की मला ठाऊक आहे म्हणून दिसतंय. पण एकदा, हवा अगदी स्थिर होती, मी सात-आठदा मागं-पुढं फिरवलं आणि शांतीचा सागर प्रत्येक वेळी श्वास घेतल्यासारखा गडद झाला, फिका झाला. मी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत उठलो नाही.

आता परत मोठ्या बाबांकडे येतो.

मार्गशीर्षात एका दुपारी मोठी आई अंगणात कुरड्यांचा गहू वाळवत होती आणि आपल्याच नादात बोलत होती. म्हणाली, यायले काय झालं काय माईत, आपरेशनपासून दुपारभर बाजीवर उताणे पडते आन् वरच पायत रायते. मी म्हणलं, काय पाहतात? ती म्हणाली, "आभाय. मले म्हणते, आभाय इतकं नियं असते हे मी इसरलोच होतो." मी हातातलं सूप खाली ठेवलं. भाद्रपदात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आम्ही सगळे आता पेपर वाचता येतो, पायरी दिसते याच आनंदात. पण माणसाचं डोळ्यातलं भिंग म्हातारपणी पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि सगळ्यात आधी निळा रंगच अडवतं. इतकं हळू की माणसाला कळतही नाही, आभाळ वर्षावर्षानं मळत जातं आणि तो समजतो आभाळ असंच असतं. ते भिंग काढून साफ भिंग बसवलं की निळं एकदम आत येतं. त्यात ऑपरेशननंतर महिनाभर काळा चष्मा. तो चष्मा सुटून नुकते कुठं आठ-पंधरा दिवस झाले असतील, तेवढ्यात मी त्यांना बोलावलं, त्याच डोळ्याला आयपीस लावायला लावलं, आणि हळूहळू फिरवत, अभिमानानं, ते निळं काळं करून दाखवलं.

मला एवढी भौतिकशास्त्राची पुस्तकं वाचून त्या प्रश्नातलं पहिलं अक्षर कळलं नव्हतं.

पौषातल्या अष्टमीला मी सुट्टी टाकून गावी गेलो. दुर्बीण मांडली, चंद्र लावला, फिल्टर न लावता. मोठ्या बाबांना म्हणलं, या, आज काच नाही. ते आले, पाहिलं, चांगलं दिसते म्हणाले, मग म्हणाले, "तुई ती काच कुठी हाये?" मी म्हणलं, राहू द्या ना. "लाव. मले फिरोयची हाये." मी लावली. आजवर मीच फिरवत आलो होतो, माझं बोट सवयीनं आभाळ काळं होतं तिथं जाऊन थांबतं, त्याच्या उलट बाजूला जी जागा येते तिला मी चुकीची जागा समजून भरकन ओलांडून जायचो. मोठ्या बाबांनी आयपीस दोन बोटांत धरली, तिफणीच्या चाड्यातून बी सोडायची त्यांची ती बोटं, आणि फार सावकाश फिरवायला लागले. एकदा पूर्ण. परत अर्धं. मग थोडं मागं. मग थांबले. चुलीवर चहा उकळून गेला, मोठी आई आतून दोनदा ओरडली, ते हलले नाहीत. नंतर बाजूला झाले आणि मला म्हणाले, "आता पाय."

मी डोळा लावला. चंद्र जवळपास विरून गेला होता, नुसती एक पांढुरकी कड, हात लावला तर पुसली जाईल अशी. बाकी सगळा गोल काठोकाठ निळा होता.

"दिसते?"

मी म्हणलं, "हो मोठे बाबा, दिसते."